खाशाबा : न मिळालेल्या अर्ध्या तासाची गोष्ट

फेब्रुवारी २००२ मध्ये अमेरिकेतील सॉल्ट लेक सिटी येथे हिवाळी ऑलिंपिक भरले होते. फिगर स्केटिंगच्या जोडी प्रकारात रशियाच्या बेरेझ्नाया आणि सिखारुलिद्झे यांना सुवर्णपदक, तर कॅनडाच्या साले आणि पेलटिए यांना रौप्यपदक जाहीर झाले. नऊ पंचांपैकी पाच रशियन जोडीच्या बाजूने आणि चार कॅनडाच्या बाजूने, असा तो निकाल होता. फ्रान्सच्या पंच महिलेवर दबाव आल्याचे उघड होताच जगभर गदारोळ उठला आणि अवघ्या काही दिवसांत कॅनडाच्या जोडीलाही सुवर्णपदक देण्यात आले. संबंधित पंच आणि त्यांच्या देशाच्या संघटनेचे अध्यक्ष या दोघांवर तीन वर्षांची बंदी आली. एवढ्यावरच न थांबता गुणदानाची जुनी पद्धत मोडीत काढण्यात आली आणि २००४ पासून नवी पद्धत अमलात आली.

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यातील वाचकाला बर्फावरचा हा खेळ दूरदर्शन संचाच्या पडद्यापुरताच ठाऊक. येथील मुले सुटीच्या दिवशी स्केटिंग करतात ती चाकांच्या बुटांवर आणि सिमेंटच्या फरशीवर. मात्र पंचाचा कौल आणि खेळण्याचा क्रम या दोन गोष्टींवर खेळाडूचे नशीब कसे हेलकावे खाते, हे समजून घेण्यासाठी बर्फापर्यंत जाण्याची आवश्यकता नाही. सॉल्ट लेक सिटीच्या बरोबर अर्धशतक आधी, १९५२ च्या जुलै महिन्यात, फिनलंडची राजधानी हेलसिंकी येथे एका मराठी मल्लाच्या वाट्याला हेच दोन प्रश्न आले होते. त्याच्या बाजूने दाद मागायला त्या दिवशी कोणीही उपस्थित नव्हते. त्या मल्लाचे नाव खाशाबा दादासाहेब जाधव.

गोळेश्वरचा धाकटा

सातारा जिल्ह्यातील कराडला लागून गोळेश्वर नावाचे गाव आहे. तेथे १५ जानेवारी १९२६ रोजी खाशाबांचा जन्म झाला. वडील दादासाहेब स्वतः नावाजलेले मल्ल. पाच भावांत खाशाबा सर्वांत धाकटे. शेतकऱ्याच्या घरात ज्या वयात मुलाच्या हाती गुरांचा कासरा येतो, त्या वयात या मुलाच्या अंगाला आखाड्यातील तांबडी माती लागली. वयाच्या आठव्या वर्षी त्यांनी परिसरातील एका नामांकित मल्लाला दोन मिनिटांत आस्मान दाखवले, अशी आठवण कराडच्या पंचक्रोशीत सांगितली जाते.

शिक्षण कराडच्या टिळक हायस्कूलमध्ये झाले. पोहणे, धावणे, मल्लखांब या सर्वांत त्यांना गती होती. मन मात्र कुस्तीत होते. १९४२ च्या चळवळीत सातारा जिल्हा पेटून उठला, तेव्हा शाळकरी वयाचे खाशाबाही त्यापासून दूर राहिले नाहीत. भूमिगतांना आसरा देणे, त्यांची पत्रके व निरोप पोहोचविणे ही जोखमीची कामे त्यांनी केली. पुढे शिक्षणासाठी ते कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात दाखल झाले. राजर्षी शाहू महाराजांनी १९१२ मध्ये उभारलेल्या खासबाग मैदानाचे हे शहर. कुस्ती शिकावयाची असेल तर यापरते दुसरे गुरुकुल त्या काळी महाराष्ट्रात नव्हते.

खाशाबांचा बांधा ठेंगणा आणि अंगकाठी लहान. पहिलवान म्हटल्यावर डोळ्यांपुढे जे धिप्पाड चित्र उभे राहते, त्यात ते बसत नसत. महाविद्यालयाच्या वार्षिक क्रीडा स्पर्धेत नाव नोंदविण्यास गेलेल्या या मुलाला क्रीडाशिक्षकांनी त्याच्या देहयष्टीकडे पाहून परत पाठविले. खाशाबा थेट प्राचार्यांकडे गेले आणि संधी मागितली. प्राचार्यांनी ती दिली व त्या संधीचे त्यांनी सोने केले. ही आठवण छोटीशी आहे, पण पुढच्या सबंध आयुष्याचा नमुना तीत दिसतो. कुस्ती होण्यापूर्वीच कोणीतरी निकाल द्यावा आणि त्याविरुद्ध खाशाबांनी वरच्या दाराशी जाऊन, आवाज न चढविता, फक्त खेळण्याची मुभा मागावी, असे त्यांच्या बाबतीत वारंवार घडणार होते.

मातीचा न्याय आणि गादीचा न्याय

आपल्याकडच्या फडातील कुस्ती ज्यांनी पाहिली आहे, त्यांना तिचा न्याय किती सरळ आहे हे सांगावयास नको. उल्हास नदीच्या खोऱ्यापासून कृष्णाकाठापर्यंत जत्रेच्या फडाची रीत सारखीच. प्रारंभी लहान मुलांच्या कुस्त्या, नारळावर किंवा किरकोळ इनामावर. मग वय, वजन आणि इनाम चढत जाते आणि दिवस कलताना शेवटची मानाची कुस्ती लागते. जोड कोणाची कोणाशी लावावयाची, हे पंच दोघांचे अंग पाहून ठरवितात. एकदा कुस्ती लागली की मग निकाल मातीच देते. पाठ टेकली की हार झाली. कोणाचीच पाठ टेकली नाही, तर कुस्ती बरोबरीत सोडवितात. तेथे गुण मोजले जात नाहीत, आणि मताधिक्याने कोणी जिंकतही नाही.

ऑलिंपिकची कुस्ती गादीवर होते. तेथेही दोन्ही खांदे टेकले की निकाल लागतो. परंतु ठरलेल्या वेळेत कोणी चीत झाला नाही, तर कौल पंचांचा. त्या काळी लढत पंधरा मिनिटांची असे आणि तीन पंच मत देत. म्हणून त्या वेळच्या नोंदींत ३-० किंवा २-१ असे आकडे दिसतात. आजच्या वाचकाला ते गुण वाटतात, पण ती पंचांची मते होत. तिन्ही पंच एका बाजूला असतील तर ३-०, एक पंच विरोधात असेल तर २-१. फिगर स्केटिंगमध्ये नऊ पंचांचे बहुमत जे करीत असे, तेच येथे तिघांचे बहुमत करी.

शिवाय स्पर्धेची मांडणीही आपल्या फडाहून निराळी. एका पराभवाने मल्ल बाहेर जात नसे. प्रत्येक लढतीनंतर दोषगुण दिले जात. प्रतिस्पर्ध्याला चीत केले तर शून्य, पंचांच्या कौलाने जिंकले तर एक, हरले तर तीन. दोषगुणांची बेरीज पाचावर गेली की मल्ल स्पर्धेतून बाद. म्हणजे चीतपट विजयाला येथेही मोल होते, कारण त्यामुळे मल्लाच्या खात्यावर काहीच चढत नसे. खाशाबांच्या मातीतल्या शिकवणीला हा नियम मानवणारा होता. ढाक हा त्यांचा हातखंडा डाव. प्रतिस्पर्ध्याला बगलेत पकडून जमिनीवर आदळावयाचे, हे त्यांचे गणित मातीवर पक्के झाले होते. गादीवरचे गणित मात्र त्यांना नव्याने शिकावे लागले.

लंडन, १९४८

स्वतंत्र भारताचे पहिले ऑलिंपिक लंडनला भरले. खाशाबा तेव्हा बावीस वर्षांचे होते. त्यांच्या प्रवासाचा खर्च कोल्हापूरच्या महाराजांनी उचलला. इंग्लंडमध्ये अमेरिकेचे माजी विजेते मल्ल रीस गार्डनर यांचे मार्गदर्शन त्यांना लाभले. आंतरराष्ट्रीय नियम आणि गादी यांची फारशी ओळख नसतानाही सर्वांत हलक्या, म्हणजे फ्लायवेट गटात त्यांनी ऑस्ट्रेलियाच्या बर्ट हॅरिस आणि अमेरिकेच्या बिली जर्निगन यांना हरविले. इराणच्या मन्सूर रईसी याच्याकडून मात्र ते पराभूत झाले. अखेर त्यांचा क्रमांक सहावा लागला.

कुस्तीत जगात सहावे येणे ही त्या काळच्या भारताच्या दृष्टीने लहान गोष्ट नव्हती. तथापि मायदेशी त्याचे अप्रूप फारसे कोणाला नव्हते. फाळणीच्या जखमा ओल्या होत्या. सिंधमधून आलेली हजारो कुटुंबे कल्याणजवळच्या लष्करी छावणीच्या बराकींत दिवस काढीत होती. त्याच छावणीला पुढील वर्षी, १९४९ मध्ये, उल्हासनगर हे नाव मिळाले. घर, धान्य आणि रोजगार यांची भ्रांत असलेल्या देशाने कुस्तीतील सहाव्या क्रमांकाकडे लक्ष द्यावे, अशी अपेक्षा करणेही कठीण होते. खाशाबांनी ती केली नाही. ते कोल्हापूरला परतले आणि पुढल्या चार वर्षांच्या तयारीला लागले. जोर, बैठका आणि लढतींचे प्रमाण त्यांनी वाढविले. वजनही वाढले. आता त्यांना बँटमवेट, म्हणजे ५७ किलोंच्या गटात उतरावयाचे होते.

एका गुणाची तक्रार

हेलसिंकीसाठी संघ निवडावयाचा तो मद्रासच्या राष्ट्रीय स्पर्धेतील कामगिरीवरून. तेथे खाशाबांना एका गुणाने मागे ठेवण्यात आले. आपल्याला हेतुपुरस्सर एक गुण कमी दिला गेला, पंचांनी वशिलेबाजी केली, असा त्यांचा आरोप होता. त्या एका गुणामुळे चार वर्षांची मेहनत पाण्यात जाणार होती.

गुणदानाविरुद्ध दाद मागणे किती कठीण असते, हे कोणताही खेळाडू सांगेल. पळण्याच्या शर्यतीत घड्याळ असते, उंच उडीत आडवी काठी असते. कुस्ती, मुष्टियुद्ध, जिम्नॅस्टिक्स, स्केटिंग अशा खेळांत पंचाचा डोळा हेच माप. ते माप खोटे होते असे सिद्ध करावयाचे तर पुरावा कोणता द्यावयाचा? खाशाबांनी यातून सरळ वाट काढली. त्या वेळी पतियाळाचे महाराज यादवेंद्रसिंग हे भारतीय ऑलिंपिक संघटनेचे प्रमुख होते. खाशाबांनी त्यांच्याकडे गाऱ्हाणे नेले. झालेला निकाल फिरवा अशी त्यांची मागणी नव्हती. पुन्हा लढत लावा, एवढेच त्यांचे म्हणणे होते. महाराज स्वतः खेळाडू होते, क्रिकेटची कसोटी खेळलेले होते. त्यांनी खाशाबांना चाचणीत उतरण्याची संधी दिली. या वेळी खाशाबांनी पंचांना मत देण्याची वेळच येऊ दिली नाही. प्रतिस्पर्ध्याला चीत करून त्यांनी हेलसिंकीचे स्थान मिळविले. गादीवरच्या वादाला त्यांनी मातीतले उत्तर दिले होते.

स्थान मिळाले, पण पैसा कोठून आणावयाचा? मल्लांनी स्वतःच्या खर्चाची तजवीज स्वतःच करावी, अशी त्या वेळची परिस्थिती होती. खाशाबा आणि त्यांच्या घरच्यांनी दारोदार फिरून वर्गणी गोळा केली. गोळेश्वरच्या व कराडच्या लोकांनी जमेल तेवढा हातभार लावला. तरीही मोठी तूट राहिली. तेव्हा राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य बाळासाहेब खर्डेकर पुढे आले. त्यांनी आपले राहते घर बँकेकडे गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. विद्यार्थ्याच्या पायांवर आणि पाठीवर विश्वास ठेवून घर गहाण टाकणारा प्राचार्य आपल्या शिक्षणाच्या इतिहासात विरळाच म्हणावा लागेल. खाशाबांच्या पदकाचा विचार करताना या गहाणखताची आठवण ठेवलीच पाहिजे.

हेलसिंकीची गादी

हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये सोव्हिएत संघ प्रथमच उतरला होता. युद्धानंतर लंडनच्या स्पर्धेपासून दूर ठेवलेला जपानही परत आला होता. कुस्तीत दोन बलाढ्य राष्ट्रांची भर पडली होती आणि योगायोग असा की, खाशाबांच्या गटातील पहिले दोन क्रमांक अखेर याच दोन देशांकडे गेले.

खाशाबांचा प्रारंभ झकास झाला. कॅनडाच्या एड्रियन पोलिक्विनशी झालेली लढत जवळजवळ अखेरपर्यंत चालली. पंधरा मिनिटे भरावयास अर्धे मिनिट उरले असताना खाशाबांनी त्याला चीत केले. मेक्सिकोच्या लिओनार्डो बासुर्तोला तर त्यांनी साडेपाच मिनिटांच्या आतच लोळविले. दोन लढती झाल्या आणि दोषगुण शून्यच राहिले. त्यानंतर जर्मनीच्या फर्डिनांड श्मिट्झशी गाठ पडली. ही लढत पंचांच्या कौलावर गेली. दोन पंच खाशाबांच्या बाजूने होते आणि एक विरोधात. २-१ अशा निसटत्या बहुमताने ते जिंकले व त्यांच्या खात्यावर एक दोषगुण चढला. मद्रासमध्ये ज्या पंचांच्या कौलाने त्यांना मागे टाकले होते, तशाच कौलाने येथे त्यांना पुढे आणले, हेही येथे नमूद करावयास हवे. पंच नेहमीच वैरी नसतात.

आता उरले होते जपानचा शोहाची इशी आणि सोव्हिएत संघाचा रशीद मम्मदबेयोव्ह. इशी मूळचा ज्युदोपटू. युद्धानंतर जपानमध्ये ज्युदोवर निर्बंध आले, तेव्हा तो कुस्तीकडे वळला होता. त्याची पकड सोडविणे सोपे नव्हते. खाशाबांच्या चरित्रात सांगितला जाणारा प्रसंग असा की, इशीबरोबरची दमछाक करणारी लढत पूर्ण वेळ चालली आणि तिन्ही पंचांनी इशीला कौल दिला. घामाने निथळत खाशाबा गादीवरून उतरले, तोच त्यांना मम्मदबेयोव्हशी लढण्यासाठी पुकारण्यात आले. दोन लढतींच्या दरम्यान किमान अर्ध्या तासाची विश्रांती मिळावी, असा नियम होता. तो नियम दाखवून ठणकावून सांगावयास भारताचा एकही अधिकारी त्या वेळी तेथे हजर नव्हता. खाशाबांना ना परदेशी भाषेचा आधार, ना नियमपुस्तक हाती घेऊन उभा असलेला सोबती. ते तसेच गादीवर उतरले. ही लढतही ३-० अशा कौलाने त्यांच्या हातून गेली.

इशीने सुवर्णपदक जिंकले. हेलसिंकीत जपानला मिळालेले ते एकमेव सुवर्णपदक होते. मम्मदबेयोव्हला रौप्य मिळाले आणि खाशाबा जाधव यांना कांस्य. तारीख होती २३ जुलै १९५२. स्वतंत्र भारताला ऑलिंपिकमध्ये मिळालेले हे पहिले वैयक्तिक पदक. त्यापूर्वी १९०० मध्ये पॅरिसला नॉर्मन प्रिचर्डने दोन रौप्यपदके मिळविली होती खरी, पण तेव्हा देश पारतंत्र्यात होता.

क्रम हाही न्यायाचा भाग

विश्रांती मिळाली असती तर खाशाबांनी मम्मदबेयोव्हला हरविले असते काय, याचे उत्तर कोणी देऊ शकत नाही, आणि तसा दावा करणे त्या सोव्हिएत मल्लावरही अन्यायाचे होईल. तिन्ही पंचांचा कौल एकमुखी होता. त्यांनी डोळ्यांसमोर जे घडले त्याला मत दिले असेच धरून चालावे लागेल. प्रश्न पंचांच्या प्रामाणिकपणाचा नाहीच. डोळ्यांसमोर जे घडले, ते घडण्याआधीच एका बाजूचे पारडे हलके झाले होते काय, हा खरा प्रश्न आहे.

फिगर स्केटिंगच्या जगात ही बाब फार पूर्वीच ओळखली गेली. तेथे कोण केव्हा बर्फावर उतरणार, हे चिठ्ठ्या टाकून आणि आधीच्या फेरीतील स्थान पाहून ठरते. जोड्यांचे लहान गट करून प्रत्येक गटाला सरावासाठी सहा मिनिटे दिली जातात. गटात पहिल्या उतरणाऱ्या जोडीला दम खाण्यास उसंत मिळत नाही, तर शेवटी उतरणाऱ्या जोडीचे तापलेले स्नायू वाट पाहता पाहता थंड पडतात. पुन्हा जुन्या पद्धतीत आणखी एक अडचण होती. पुढे येणाऱ्या चांगल्या जोड्यांसाठी जागा राखावी म्हणून पंच आधीच्यांना हात आखडून गुण देत. त्यामुळे खेळ तोच असला, तरी तो कितव्या क्रमांकावर सादर झाला, यावरून गुण बदलू शकत. म्हणूनच तेथे क्रम ठरविण्याचे नियम काटेकोर झाले आणि ते पाळले जातात की नाही, हे पाहणारे प्रत्येक देशाचे प्रतिनिधी जागरूक राहू लागले.

सॉल्ट लेक सिटीत कॅनडाच्या जोडीला न्याय मिळाला, तो केवळ त्यांची कामगिरी सरस होती म्हणून नव्हे. त्यांच्यामागे संघटना होती, वृत्तपत्रे होती, दूरचित्रवाणी होती. खाशाबांच्या मागे एक गहाण पडलेले घर होते आणि हजारो मैलांवरचे एक खेडे. नियम छापलेला असणे आणि नियम मिळणे यांत केवढे अंतर असते, हे त्या दिवशी हेलसिंकीच्या गादीवर दिसले.

बैलगाड्यांची मिरवणूक

देशाचे लक्ष त्या वेळी सुवर्णपदक जिंकणाऱ्या हॉकी संघाकडे होते. खाशाबांचे स्वागत केले ते त्यांच्या मुलखाने. कराड रेल्वे स्थानकावर माणसांचा पूर लोटला. दीडशेच्या आसपास बैलगाड्या, ढोल, ताशे, लेझीम अशा थाटात मिरवणूक निघाली. एरवी थोड्या वेळात संपणारे स्थानक ते गोळेश्वर हे अंतर कापावयास त्या दिवशी कित्येक तास लागले. महाराष्ट्रातील एका खेड्याने एका ऑलिंपिक पदकाचा केलेला हा पहिला उत्सव.

उत्सव ओसरल्यावर खाशाबांनी जे केले, त्यावरून त्यांची ओळख अधिक पटते. त्यांनी कुस्त्यांची मैदाने भरविली, त्यांत स्वतः लढले आणि त्यातून जमलेल्या पैशांनी खर्डेकर सरांचे घर गहाणातून मोकळे केले. पदकाचे ऋण त्यांनी शब्दांनी मानले नाही. ते कुस्त्या मारून फेडले.

पोलिसी वर्दीतील वर्षे

१९५५ मध्ये खाशाबा पोलीस दलात उपनिरीक्षक म्हणून रुजू झाले. पुढल्या वर्षी मेलबर्नला ऑलिंपिक होते, पण गुडघ्याच्या दुखापतीने तो मार्ग बंद केला. दलातील स्पर्धा त्यांनी गाजविल्या, तरुण पोलिसांना कुस्तीचे धडे दिले आणि सत्तावीस वर्षांच्या नोकरीनंतर सहायक पोलीस आयुक्त म्हणून ते निवृत्त झाले. बढतीची वाट त्यांना दीर्घकाळ पाहावी लागली. निवृत्तिवेतनासाठीही झगडावे लागले. १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धेच्या मशाल दौडीत त्यांना सहभागी करून घेण्यात आले, हाच काय तो हयातीतील ठळक राष्ट्रीय मान. १४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्ता अपघातात त्यांचे निधन झाले. वय होते अठ्ठावन्न.

सन्मान आले ते नंतर. राज्य शासनाचा शिवछत्रपती पुरस्कार मरणोत्तर मिळाला. केंद्राचा अर्जुन पुरस्कार तर मृत्यूनंतर सोळा-सतरा वर्षांनी. २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेच्या वेळी दिल्लीतील कुस्तीच्या सभागृहाला त्यांचे नाव देण्यात आले. गोळेश्वरला क्रीडासंकुल उभारण्याची घोषणा झाली. ते रखडल्यामुळे २०१७ मध्ये त्यांच्या कुटुंबीयांवर पदकाचा लिलाव करण्याचा विचार बोलून दाखविण्याची वेळ आली. १५ जानेवारी २०२३ रोजी, त्यांच्या सत्त्याण्णवाव्या जयंतीला, गुगलने आपल्या मुखपृष्ठावर त्यांचे चित्र झळकविले आणि अनेक तरुण मराठी वाचकांना त्यांचे नाव प्रथमच कळले.

खाशाबांनंतर भारताला दुसरे वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळावयास चव्वेचाळीस वर्षे जावी लागली. १९९६ मध्ये अटलांटाला लिअँडर पेसने टेनिसमध्ये कांस्यपदक जिंकले. कुस्तीतील पुढचे पदक तर २००८ मध्ये बीजिंगला सुशील कुमारने मिळविले, म्हणजे छप्पन्न वर्षांनी. एवढ्या काळात देशात मल्ल निपजले नाहीत, असे कोण म्हणेल? मल्ल होते, माती होती, वस्ताद होते. गादी, नियमांचे शिक्षण आणि खेळाडूच्या शेजारी उभा राहणारा जाणकार माणूस यांची वाण होती.

ती वाण आता बरीच भरून निघाली आहे. तरीही मुंबईच्या लोकलने तास-दीड तासाच्या अंतरावर असलेल्या आपल्या या गावांतील कोणत्याही शालेय स्पर्धेत गेले, तर एखादे दृश्य हमखास दिसते. मल्लखांब असो, ज्युदो असो वा जिम्नॅस्टिक्स. एखादे मूल नुकतेच खेळून धापा टाकत बाजूला येते आणि ध्वनिवर्धकावरून लगेच त्याचेच नाव पुन्हा पुकारले जाते. मूल बावरून इकडेतिकडे पाहते. नियम काय आहे हे त्याला माहीत नसते. अशा वेळी कोणीतरी मोठे माणूस उठून पंचांच्या टेबलापाशी जाते व शांतपणे थोडा अवधी मागून घेते.

हे काम कोणाच्या लक्षात राहत नाही आणि त्यासाठी पदकही नसते. परंतु २३ जुलै १९५२ रोजी हेलसिंकीत नेमके तेच करणारा एक माणूस नव्हता. खाशाबांच्या जयंतीला त्यांच्या प्रतिमेला हार घालणे योग्यच. त्याहून योग्य ठरेल ते आपल्या गल्लीतील खेळणाऱ्या मुलाच्या शेजारी त्या वेळी उभे असणे.